मागची सीट

रस्त्यावरून मोटारसायकल गेली की माझी नजर आधी मागच्या सीटवर जाते. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, इंजिन किती सीसीचं, हे नंतर. मागे कोण बसलंय किंवा काय बांधलंय, यावरून ती गाडी कुठे निघाली आहे ते बहुतेक वेळा कळतं. पहाटे दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली गाडी डेअरीच्या वाटेवर असते. मार्च महिन्यात सकाळी मागे मुलगी बसलेली असते, हातात पॅड, पॅडला अडकवलेलं हॉल तिकीट, आणि पुढे बाप नेहमीपेक्षा जपून गाडी चालवत असतो. डोक्यावर पदर घेतलेली, मांडीवर ओटीच्या सामानाची पिशवी धरलेली बाई एका बाजूला बसली असेल तर गाडी देवाला किंवा माहेरी चाललेली असते. नव्या नवरा-नवरीची गाडी जेजुरीच्या रस्त्यावर लांबूनही ओळखू येते, कारण नवरीने हात कुठे ठेवावा हे अजून ठरलेलं नसतं.

मोटारसायकलीबद्दल लिहिलं जातं ते बहुधा चालवणाऱ्याच्या जागेवरून. वारा, वेग, मोकळा रस्ता, एकट्याने निघण्याची धुंदी. ते सुख मी भोगलं आहे आणि त्याची किंमत मला कमी वाटत नाही. पण आपल्याकडची मोटारसायकल एकट्याच्या वाट्याला फार थोडा वेळ येते. उरलेला सगळा दिवस ती कुणाला तरी पोचवत असते, कुणाला तरी आणत असते. तिची खरी थोरवी मला त्या मागच्या हातभर जागेत दिसते. म्हणून या वाहनाविषयी जे मनात आहे ते मी तिथूनच सांगणार आहे.

माझं लहानपण माण तालुक्यात गेलं. पावसाचा भरवसा नसलेला मुलूख. ज्वारी-बाजरीने हात दिला तर दिला, नाहीतर दावणीच्या जनावरांवर वर्ष काढायचं. गाव फाट्यापासून आत, रस्ता खडीचा. रात्री मुक्कामी एसटी यायची आणि तांबडं फुटायच्या सुमारास परत निघायची. ती चुकली की दुपारपर्यंत गावाबाहेर पडायची सोय नाही. एसटीचे उपकार आमच्या भागावर किती आहेत ते मी जाणतो. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर तिची पहिली गाडी धावली आणि पुढच्या काही दशकांत तिने महाराष्ट्राची गावं एकमेकांना बांधली. तरीही एसटी फाट्यापर्यंत नाहीतर गावाच्या चावडीपर्यंतच येणार. तिथून पुढे वस्त्या, मळे, पाणंदी. आणि वेळ तिची, आपली नाही. दुधाला तर ही वेळ अजिबात चालत नाही. धार काढल्यावर दूध दोन-तीन तासांत थंड करावं लागतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. नाहीतर फॅट लागायच्या आधीच ते फाटतं आणि घरच्या बाईची पहाटेपासूनची मेहनत ओतून द्यावी लागते.

माझे चुलते, तात्या, वस्त्यांवरचं दूध गोळा करून शीतकरण केंद्रावर घालायचे. आधी सायकलवर, नंतर राजदूतवर. राजदूत एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ साली आणलेली गाडी, मूळ पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलीवर बेतलेली. १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं. दर काही दिवसांनी प्लग काढून पॉलिश पेपरने त्यावरचा कार्बन घासायचा. शहरातल्या पोरांना येझदी आणि पुढे आरएक्स १०० यांची ओढ असे, पाटलांच्या आणि फौजदारांच्या दारात बुलेट असे, पण गवळ्याची, एलआयसी एजंटाची, ग्रामसेवकाची गाडी म्हणजे राजदूत. तिला चपळाई नव्हती. तिच्यात ओझं सोसायची ताकद मात्र होती, आणि आमच्या खडीच्या रस्त्याला तीच हवी होती.

तात्यांच्या गाडीची मागची सीट सकाळी कॅनची असायची. लोखंडी पट्टीचा आकडा करून दोन्ही बाजूंना दोन मोठे कॅन आणि सीटवर आडवा तिसरा. दूध घालून झालं की तीच सीट माणसांची व्हायची. केंद्रावरून परत येताना तात्या फाट्यावर थांबायचे आणि गावाकडे जाणारं जे कुणी उभं असेल त्याला घेऊन यायचे. बाजारहून आलेली म्हातारी, दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटा घातलेला शेतकरी, सुट्टीवर आलेला फौजी. पैसे कुणी द्यायचं नाही आणि तात्यांनी मागायचे नाहीत. त्या काळी गावात दोन-तीनच गाड्या होत्या आणि प्रत्येक गाडीची मागची सीट गावाच्या मालकीची समजली जायची. मालकाला ती रिकामी आणणं शोभत नसे. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती, पण तिच्यावर माझं गाव कित्येक वर्षं चाललं.

मग १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. शंभराच्या आतबाहेर सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, आवाज मऊ, आणि कंपनीची जाहिरात लिटरला ऐंशी किलोमीटरची. बजाजनेही कावासाकीशी हातमिळवणी करून १९८६मध्ये या मैदानात पाऊल टाकलं. १९९४ साली स्प्लेंडर आली. खेड्यासाठी खरा बदल वेगात झाला नाही, तो ॲव्हरेजमध्ये झाला. एका लिटरमध्ये तालुक्याला जाऊन येऊन वर बाजार करता येऊ लागला, तेव्हा मोटारसायकल दुधाच्या हिशेबात बसली. जे वाहन पूर्वी पगारदाराचं होतं ते दोन म्हशी असलेल्याच्या आवाक्यात आलं.

पुढची गोष्ट आकडेच सांगतात. २०११च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी साधारण एकवीस घरांत मोटारसायकल, स्कूटर किंवा मोपेड होती. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण जवळपास निम्म्या घरांपर्यंत गेलेलं दिसतं. त्याच सर्वेक्षणात चारचाकी असलेली घरं शंभरात आठसुद्धा नाहीत. म्हणजे या देशाचं कौटुंबिक वाहन म्हणून विचार करायचा तर तो मोटारसायकलीचाच करावा लागतो. आणि घरात माणसं पाच असताना गाडी एक असते. सकाळी मुलांना शाळेच्या गेटपाशी सोड, मग बायकोला कामाच्या ठिकाणी, मग आईला दवाखान्यात, दुपारी युरियाची गोणी आण, संध्याकाळी वैरणीची पेंढी आण. पुढच्या सीटवरचा माणूस दिवसभर तोच असतो, मागची सीट मात्र तासातासाला बदलते.

या गाडीच्या मागे एक काळी बाजूही आली. लग्नाच्या बोलणीत गाडीची मागणी येऊ लागली आणि मुलीच्या बापाने कर्ज काढून जावयाच्या दारात मोटारसायकल उभी केली. ज्या सीटवर पुढे त्याची लेक बसणार तिची किंमत त्याने आधीच भरायची, हा अन्याय मी माझ्या नात्यात पाहिला आहे आणि तो अजून संपलेला नाही. दसऱ्याला झेंडूची माळ घालून जिची आपण पूजा करतो ती गाडी घरात कोणत्या वाटेने आली, हे त्या दिवशी प्रत्येक घराने स्वतःला विचारावं असं मला वाटतं.

मागच्या सीटचं मोल सर्वांत जास्त कळतं ते रात्री, घरात कुणी आजारी पडल्यावर. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ साली सुरू झाली. त्याआधी आमच्याकडे साप चावला, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, छातीत दुखू लागलं, तर गावात कुणाची गाडी आहे हा पहिला प्रश्न असायचा. एक चालवणारा, मधे रोगी, मागे त्याला दोन्ही हातांनी आवळून धरणारा तिसरा. मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ चालवणाऱ्याखेरीज एकाच माणसाला परवानगी देतं. त्या रात्रींना हे कलम कुणाला आठवत नसे, आणि आठवलं असतं तरी पर्याय नव्हता. चालवणाऱ्याला आपल्या पाठीवर टेकलेल्या डोक्याचा भार कळायचा. तो भार हलका झाला की जड झाला, श्वास लागतो आहे की नाही, यावर तो रस्ता कापायचा. माझ्या गावातली किमान काही माणसं आज हयात आहेत ती अशा तिघांच्या गाडीमुळे.

बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यातल्या करीमुल हक यांची गोष्ट वाचली तेव्हा मला ती ओळखीची वाटली ती यामुळेच. चहामळ्यातला हा कामगार. १९९५ साली त्यांची आई वेळेवर वाहन न मिळाल्यामुळे गेली. पुढे एका सहकाऱ्याला त्यांनी आपल्या पाठीशी बांधून मोटारसायकलीवरून दवाखान्यात नेलं आणि तो वाचला. तेव्हापासून त्यांनी आपली मोटारसायकल आसपासच्या गावांतल्या रोग्यांसाठी वाहिली. २०१७मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी मुंबईत १०८ सेवेने मोटरबाइक रुग्णवाहिका सुरू केल्या, कारण तुंबलेल्या रस्त्यांतून आणि झोपडपट्टीच्या गल्ल्यांतून मोठी गाडी वेळेत पोचत नाही. एका चहामळ्यात आणि एका महानगरात एकाच काळात दोनच चाकांनी तोच प्रश्न सोडवला. करीमुल यांच्या कामात मला विशेष वाटतं ते हे, की त्यांनी कोणतंही नवं यंत्र बनवलं नाही. प्रत्येक गाडीला असते तीच मागची सीट त्यांनी शेजाऱ्यांसाठी मोकळी ठेवली.

मोटारसायकल बनवणाऱ्याने मागे बसणाऱ्याचा विचार किती केला आहे, हे सीट बघून कळतं. स्प्लेंडर आणि प्लॅटिनाची सीट लांब, सपाट, मऊ असते आणि मागे कॅरिअर किंवा पकडायला कडी. त्यावर आजी बसू शकते, आजीच्या मांडीवर नातू बसू शकतो. उलट वेगाच्या नव्या गाड्यांची मागची सीट उंच, अरुंद, पुढे कललेली. तिच्यावर बसलेला माणूस प्रत्येक ब्रेकला पुढच्याच्या पाठीवर घसरतो. साडी नेसलेल्या बाईने तर तिच्यावर बसायचा विचारच करू नये. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम मला म्हणूनच आवडतो. मागच्यासाठी हाताने धरायची सोय, पाय ठेवायला जागा, आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी प्रत्येक मोटारसायकलीला असलीच पाहिजे, असं तो सांगतो. ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो ती हीच जाळी. साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा चाकात अडकून गळ्याला फास बसलेल्या बायका-माणसांच्या बातम्या आजही येतात. दिसायला चांगली दिसत नाही म्हणून गॅरेजमध्ये ती जाळी काढून टाकणारी पोरं पाहिली की मी थांबून बोलतो. त्यांच्या मागे उद्या त्यांची बहीण बसणार असते.

बाईची जागा मागचीच, असं आपल्याकडे फार काळ गृहीत धरलं गेलं. ते मोडायला सुरुवात झाली ती लहान गाड्यांनी. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना आणली. पायडल मारून सुरू होणारी ही हलकी गाडी पुण्या-नगरकडच्या शिक्षिका, नर्सेस, बँकेतल्या बायका यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चालवली. त्यानंतर बिनगिअरच्या स्कूटर आल्या आणि तालुक्याच्या कॉलेजसमोर मुलींच्या गाड्यांची रांग लागू लागली. माझ्या पुतणीने तिच्या आईला पहिल्यांदा मागे बसवून बाजारात नेलं तेव्हा वहिनींनी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, "पोरीनं नेलं बरं का, एक धक्का लागू दिला नाही." त्या दिवशीच्या त्यांच्या बोलण्यात जो तोरा होता तो त्यांच्या नवऱ्याच्या गाडीवरून आल्यावर मी कधी ऐकला नव्हता. गुढीपाडव्याला गिरगावात, ठाण्यात, डोंबिवलीत शोभायात्रा निघते, त्यात नऊवारी नेसून, नथ घालून, फेटा बांधून बायका बुलेट चालवतात. तो थाट डोळ्यांत भरतो आणि भरलाच पाहिजे. पण मला त्याहून मोठी वाटते ती रोजची आशाताई, जी स्कूटरच्या मागे गरोदर बाईला बसवून तपासणीला घेऊन येते. तिथे दोन्ही सीट बायकांच्या असतात.

अनोळखी माणसाला मागे घेणं ही गोव्याने कधीच रोजगाराची गोष्ट केली आहे. पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को इथल्या स्टँडवर पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन पायलट उभे असतात. पायलट हाच तिथला शब्द. त्यांना रीतसर परवाना असतो. भाडं ठरवायचं, मागे बसायचं, आणि गल्लीबोळांतून, फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत किंवा एखाद्या वाड्यावरच्या घरापर्यंत पोचायचं. पहिल्यांदा बसलो तेव्हा मला तात्या आठवले. फाट्यावरचं तेच काम, फक्त इथे त्याला दाम होता, मान होता आणि सरकारची नोंद होती. सहप्रवासी कोण हे माहीत नसताना त्याला आपल्या पाठीमागे घ्यायचं आणि त्याने स्वतःचा जीव आपल्या हातात द्यायचा, यात दोघांचाही विश्वास लागतो. महाराष्ट्राने इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीचं धोरण मंजूर करायला २०२५ साल उजाडावं लागलं. आता ॲपवर बोलावलेली गाडी येईल, भाडं आधीच दिसेल. मला एवढंच वाटतं की त्या गाड्या चालवणाऱ्यांना गोव्यातल्या पायलटांसारखी आपली ओळख, आपली संघटना आणि आपला मान मिळावा. फक्त पळवत ठेवलेली माणसं होऊन ती राहू नयेत.

आपल्या मोटारसायकलींनी हे काम फार दूरही नेलं आहे. बजाजची बॉक्सर ही आपल्या महाराष्ट्रातल्या कारखान्यातून निघालेली साधी, दणकट गाडी युगांडा, केनिया, नायजेरिया अशा देशांत लाखोंच्या पोटापाण्याचं साधन झाली. पूर्व आफ्रिकेत त्या टॅक्सीला बोडा-बोडा म्हणतात. कंपालामध्ये २०१४ साली सुरू झालेल्या सेफबोडा या सेवेने आपल्या चालकांना दुसरं हेल्मेट दिलं, प्रवाशासाठी. अनोळखी प्रवाशाच्या डोक्याची जबाबदारी चालकाची आहे हे तिने मानलं. आपल्याच कारखान्यातून निघालेल्या गाड्यांवर परदेशात रुजलेली ही रीत आपण अजून पुरती उचललेली नाही.

आता सुट्टीच्या गाडीकडे येतो. पावसाळ्यात ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, आंबोली हे घाट मोटारसायकलींनी भरून जातात. कुणी लेहला जातात, खारदुंग ला चढून येतात आणि तिथल्या पाटीपाशी उभं राहून काढलेला फोटो वर्षानुवर्षं जपतात. हा आनंद पोकळ नाही. ज्या गाडीने वर्षभर ओझी वाहिली तिच्यावरून एकदा तरी मनाला येईल त्या दिशेला जावं, ही इच्छा कष्टाच्या माणसाची हक्काची इच्छा आहे. आणि इथेही मागे बसलेला माणूस असेल तर गाडी वेगळी चालते, अगदी यंत्राच्या अर्थाने. मागच्या चाकावर वजन वाढतं, पुढचं चाक हलकं होतं, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. म्हणून मागच्या टायरमध्ये हवा जास्त भरायची आणि शॉकॲब्सॉर्बरची खाच एक-दोन घरं चढवायची.

वळणावर तर दोघांची खरी परीक्षा असते. वेगात असताना उजवीकडे वळायचं तर उजवी मूठ हलकेच पुढे दाबावी लागते. हँडल क्षणभर डावीकडे जातं, गाडी उजवीकडे कलते आणि त्या कलण्याने वळते. चालवणाऱ्याला हे शब्दांत माहीत नसतं, त्याच्या हातांना माहीत असतं. पण गाडी कलताना मागचा माणूस भीतीने उलट बाजूला ताठ बसला, तर सगळा तोल रस्त्याच्या बाहेर ओढला जातो. त्याने आपल्याबरोबर कलायला हवं. म्हणजे पुढचा रस्ता दिसत नसताना, हँडल हातात नसताना, ब्रेक पायाखाली नसताना त्याने आपलं शरीर सैल सोडायला हवं. मागे बसणं हे एक कौशल्य आहे. ज्याला आपण नुसता बसलेला समजतो तो प्रत्येक वळणावर गाडी चालवायला हातभार लावत असतो.

हे मला आईने शिकवलं. माझ्या आईने समुद्र पाहिला तो माझ्या मोटारसायकलीच्या मागे बसून जाऊन. पन्नाशीला आलेली बाई, आयुष्य दुष्काळी भागात गेलेलं, आणि समुद्र बघायचा हे तिने स्वतः म्हटलेलं. कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि मग गुहागर असा रस्ता घेतला. पहिल्या काही वळणांना तिचा हात माझ्या खांद्यावर रुतत होता. घाट अर्धा उतरलो तोवर तो हात सैल झाला होता आणि मी कललो की ती कलत होती. मला रस्त्यावरची खडी, समोरून येणारा ट्रक, वळणाचा आरसा एवढंच दिसत होतं. तिला दरीतली भातखाचरं दिसत होती, नाचणी दिसत होती, झाडावरच्या वानरांची पिल्लं दिसत होती. ती मला मागून सांगत होती आणि तो घाट मी तिच्या डोळ्यांनी पाहिला.

चहाला आम्ही कोयनानगरला थांबलो होतो. तिथे तिने मला ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या भूकंपाची आठवण सांगितली. ती तेव्हा लहान मुलगी होती. कोयनेपासून एवढ्या लांब असूनही त्यांच्या घरातली उतरंड ढासळली होती, आणि तिच्या वडिलांनी सगळ्या पोरांना उचलून खळ्यात नेऊन बसवलं होतं. कोयनानगरचे लोक मेले हे त्यांना नंतर कळलं. ही गोष्ट तिने घरी कधीच सांगितली नव्हती. घरात तिला बोलायला सवड नव्हती आणि मला ऐकायला. गाडीवर तास न् तास एकमेकांच्या जवळ, पण समोरासमोर न बसता गेल्यावर माणसाचं मन मोकळं व्हायला वाट मिळते. वडिलांशी न जमलेलं बोलणं त्यांच्या मागे बसून केलेले, रुसलेल्या बायकोशी पुन्हा बोलायला लागलेले, मित्राचं दुःख वाऱ्यात ऐकलेले कितीतरी लोक मला माहीत आहेत. सहल म्हणून आपण जे करतो त्यात ठिकाणापेक्षा मोठा वाटा बहुधा या बोलण्याचा असतो.

हे सगळं ज्या सीटवर घडतं ती सीट आपण किती उघडी ठेवली आहे, हे आता सांगायला हवं. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दुचाकीवरची माणसं शंभरात चव्वेचाळीसहून जास्त. हेल्मेट न घातलेल्यांचे मृत्यू ५०,०२९, आणि त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. या चौदा हजारांनी वेग वाढवलेला नव्हता, सिग्नल मोडलेला नव्हता, ओव्हरटेक केलेलं नव्हतं. ते फक्त विश्वासाने मागे बसले होते. समोरचा खड्डा चालवणाऱ्याला दिसतो, तो हँडल आवळतो, पाय रोवतो. मागच्याला खड्डा कळतो तो आदळल्यावर. कुणाचा जीव आधी वाचवायला हवा असा हिशेब मांडायचाच झाला तर तो मागच्याचा मांडावा लागेल.

तरीही आपल्याकडे हेल्मेटचा विषय निघाला की तो चालवणाऱ्याचा मानला जातो. पुण्यासारख्या दुचाक्यांच्या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं झाली. ऊन होतं, मान दुखते, ऐकू येत नाही, केस खराब होतात, ही कारणं मी ऐकली आहेत आणि त्रास खरा आहे हेही मानतो. पण डोकं फुटल्यावर घरावर जे कोसळतं त्यापुढे या त्रासाचं वजन काहीच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणाऱ्याबरोबर मागच्यालाही हेल्मेट सांगतं. चार वर्षांखालच्या लेकरासाठी हेल्मेट, अंगाला बांधायचा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, असा नियम २०२२मध्ये अधिसूचित झाला. जून २०२१पासून आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. कायदा जिथवर जायला हवा तिथवर गेलेला आहे. जायचं राहिलं आहे ते आपण.

रस्ता करणाऱ्यांकडेही माझं मागणं आहे. शंभरातली आठसुद्धा घरं चारचाकीची नसताना आणि जवळपास निम्मी दुचाकीची असताना रस्ता दुचाकीवरच्या दोघांना धरून आखला पाहिजे. घाटाच्या वळणावर सांडलेली खडी मोटारीला जाणवतही नाही, मोटारसायकलीला ती पाडते. पट्टे न मारलेला स्पीड ब्रेकर मोटारीतल्या माणसाला हिसका देतो, एका बाजूला बसलेल्या म्हातारीला खाली टाकतो. खड्डा बुजवणं, खडी झाडणं, पट्टे मारणं ही स्वस्त कामं आहेत. ती राहून जातात कारण ठरवणारे बहुतेक जण मोटारीत बसून रस्ता पाहतात. एकदा त्यांनी आपल्या आईला मागे बसवून तोच रस्ता पार करावा.

आणि घराघरांतून हे बदलायचं तर ते गाडी घेण्याच्या दिवशीच करावं लागेल. माझ्या ओळखीतल्या कुणी नवी मोटारसायकल घेतली की पेढे घ्यायच्या आधी मी विचारतो, दुसरं हेल्मेट कुठे आहे? बहुतेकांनी एकच घेतलेलं असतं, तेही पावतीबरोबर आलं म्हणून. मी त्यांना दुकानात घेऊन जातो. दोन हेल्मेट घ्या, दोन्ही आयएसआयची घ्या, आणि त्यांतलं जास्त चांगलं, नीट बसणारं, जास्त पैशांचं मागच्याला द्या. हँडल तुमच्या हातात आहे, समोरचं तुम्हाला दिसतं, ब्रेक तुमच्या पायाखाली आहे. मागच्याजवळ यातलं काहीच नाही. त्याने आपला जीव तुमच्या हवाली केला आहे, तेव्हा आधी त्याच्या हेल्मेटची क्लिप लावा आणि मग गाडी सुरू करा.